हिशोबाने खेळलेला जुगार

सर्व स्तुती अल्लाहसाठीच आहे, जो अखिल विश्वाचा पालनकर्ता आहे, ज्याने मानवाला उपजीविका दिली आणि ती कोठून मिळवावी व कोठे खर्चावी याचे मार्गदर्शनही दिले. अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि साथीदारांवर अल्लाहची कृपा व शांती असो.



काही दिवसांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर कोकणातील एका वयस्कर गृहस्थांनी मला बाजूला घेतले. रत्नागिरी-रायगडच्या अनेक घरांप्रमाणे त्यांच्याही घरातील मुलगा परदेशी आहे. लंडनजवळ एका कार्यालयात हिशोबाचे काम करतो. ते म्हणाले, "मौलाना, माझा मुलगा नमाज सोडत नाही, दारूला शिवत नाही, दरमहा घरी पैसे पाठवतो. पण टेनिसच्या मोठ्या स्पर्धा आल्या की मोबाइलवर पैज लावतो. मी रागावलो तर म्हणतो, अब्बा, हा जुगार नाही, अभ्यास आहे. मी वहीत पै-पैचा हिशोब ठेवतो. मौलाना, दारुड्या मुलाला काय सांगायचे ते बापाला कळते. या शहाण्या मुलाला मी काय सांगू?"

हा प्रश्न एका बापाचा राहिलेला नाही. आपल्या घरांतील सुशिक्षित, मेहनती, नमाजी तरुण या वाटेवर उभे आहेत, आणि ते कोणत्याही अड्ड्यावर जात नाहीत. अड्डाच त्यांच्या खिशात आला आहे. म्हणून आज या शहाणपणाच्याच दाव्याचा आपण शांतपणे विचार करू या.

प्रथम त्या मुलाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण दुसऱ्याचे म्हणणे न ऐकता दिलेला उपदेश कानापर्यंतच पोहोचतो. नवशिक्याला या व्यवहारात जे नियम शिकविले जातात ते वरवर पाहता संयमाचेच वाटतात. फक्त मोठ्या स्पर्धांवरच पैज लावा, म्हणजे जानेवारीत मेलबर्न, मे-जूनमध्ये पॅरिस, जून-जुलैत विम्बल्डन आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क. खेळाडूंचा अभ्यास करा. लाल मातीवर कोण चांगला खेळतो आणि हिरवळीवर कोण, हे पाहा. एका सामन्यावर जमवलेल्या रकमेचा शंभरावा किंवा पन्नासावा भागच लावा. हरलेले पैसे परत मिळविण्यासाठी पुन्हा पैज लावू नका. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, गमावले तरी चालतील एवढेच पैसे लावा. मुलगा म्हणतो, यात उधळेपणा कोठे आहे? हा तर व्यवहार आहे.

आता पाहू या की इस्लामने ज्याला 'मैसिर' म्हटले ते काय होते. प्रेषितपूर्व काळातील अरब लोक दहा बाण घेऊन जुगार खेळत. उंट कापला जाई. सात बाणांवर एक ते सात असे हिस्से ठरलेले असत आणि तीन बाण रिकामे असत. ज्याच्या नावाने हिश्श्याचा बाण निघे त्याला मांस मिळे. ज्याच्या वाट्याला रिकामा बाण येई त्याला काही मिळत नसे आणि उंटाची किंमत मात्र त्यालाच भरावी लागे. आणि ध्यानात घ्या, जिंकणारे ते मांस बहुधा स्वतः खात नसत, गोरगरिबांत वाटून टाकीत. दुष्काळाच्या दिवसांत या खेळात भाग घेणे हे औदार्याचे लक्षण मानले जाई. म्हणजे जो जुगार अल्लाहने निषिद्ध ठरविला तो केवळ मद्यपींचा आणि उधळ्यांचा नव्हता. त्यात नियम होते, प्रतिष्ठा होती, दानधर्मही होता. तरीही तो निषिद्ध झाला. यावरून स्पष्ट होते की मनाई बेशिस्तीपुरती नव्हती, त्या व्यवहारालाच होती. दोन्ही पक्षांनी रक्कम पणाला लावावी, एखाद्या अनिश्चित घटनेच्या निकालावर एकाचे जावे आणि दुसऱ्याचे यावे, आणि या देवघेवीत कोणी कोणाला वस्तू, श्रम वा सेवा दिलेली नसावी, हे जुगाराचे स्वरूप आहे. उंट असो की टेनिसचा सामना, बाण असो की मोबाइल, रक्कम एक रुपया असो की एक लाख, स्वरूप तेच राहते.

"पण माझ्याकडे ज्ञान आहे," असे मुलगा म्हणेल. या बाबतीत हजरत अबू बक्र (रजि.) यांची घटना आठवावी. इराण्यांकडून रोमनांचा पराभव झाला तेव्हा मक्केचे अनेकेश्वरवादी आनंदले. त्या वेळी सूरह अर्-रूमच्या आरंभीच्या आयती अवतरल्या आणि रोमन काही वर्षांतच विजयी होतील असे भाकीत करण्यात आले. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी या भाकितावर विरोधकांशी पैज लावली. त्यांनी आरंभी धरलेली मुदत कमी होती. आयतीतील शब्द तीन ते नऊ वर्षांचा अवधी दर्शवितो, याकडे प्रेषित (स.) यांनी त्यांचे लक्ष वेधले. पुढे भाकीत खरे ठरले. काही लोक ही घटना पैजेच्या समर्थनार्थ सांगतात. परंतु तिर्मिजीच्या हदीससंग्रहात या घटनेबरोबरच नमूद आहे की ती पैजेच्या निषेधापूर्वीची होती. आता विचार करा. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्याजवळ अंदाज नव्हता, ईशवाणीचे निश्चित ज्ञान होते. अशा ज्ञानाच्या आधारावरील पैजेचे दारही नंतर बंद झाले, तर हिरवळ आणि लाल माती यांच्या अभ्यासावर ते कसे उघडेल?

आणि या अभ्यासाचे मोल तरी किती? १४ जुलै २०१९ रोजी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडरर आणि नोवाक जोकोविच चार तास सत्तावन्न मिनिटे लढले. त्या सामन्यात फेडररने एकूण २१८ गुण जिंकले आणि जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये फेडररला विजेतेपदासाठी केवळ एक गुण हवा होता आणि तशी संधी त्याला लागोपाठ दोनदा मिळाली. तरीही सामना जोकोविचने जिंकला. २००९ साली पॅरिसच्या लाल मातीवर, जेथे राफाएल नदाल तोवर एकही सामना हरला नव्हता, तेथे रॉबिन सोडरलिंगने त्याला हरविले. २०२१ साली अमेरिकन स्पर्धेत एमा रादुकानू ही पात्रता फेरीतून आलेली तरुणी थेट विजेती ठरली. खेळाचे सौंदर्य याच अनिश्चिततेत आहे. पाहणाऱ्याला ती आनंद देते. पैज लावणाऱ्याचा मात्र ती घास घेते.

आता हिशोबाचेच बोलू, कारण मुलगा हिशोबनीस आहे. समजा, दोन खेळाडू अगदी तुल्यबळ आहेत. न्याय्य भाव असता तर शंभर रुपये लावणाऱ्या विजेत्याला दोनशे परत मिळाले असते. परंतु सट्टा चालविणारा दोघांवरही एकशे नव्वदचाच भाव देतो. एकाने या खेळाडूवर शंभर लावले, दुसऱ्याने त्या खेळाडूवर शंभर लावले; दोनशे जमा झाले, एकशे नव्वद वाटले गेले आणि दहा रुपये मधल्याच्या गल्ल्यात राहिले. सामना कोणीही जिंको, त्याचे दहा रुपये पक्के. म्हणजे प्रत्येक फेरीत सरासरी पाच टक्के रक्कम झिजते. अशा भावात तीच रक्कम पुन्हा पुन्हा फिरविली तर सरासरीने चौदा फेऱ्यांत ती निम्म्यावर येते.

पाच सामन्यांची एकत्र पैज लावणे तर नवशिक्याला फार मोहक वाटते. असे पाच तुल्यबळ सामने अचूक ओळखण्याची शक्यता बत्तीसात एक. न्याय्य भावाने एका रुपयाचे बत्तीस मिळायला हवेत. वरच्या भावाने मिळतात सुमारे पावणेपंचवीस. पाच टक्क्यांची झीज येथे साडेबावीस टक्क्यांच्या वर जाते. आणि समजा, कोणी खरोखरच इतका हुशार निघाला की तो सातत्याने जिंकू लागला, तर त्याचे काय होते? अनेक सट्टा कंपन्या अशा ग्राहकाची पैज लावण्याची मर्यादा इतकी घटवितात की त्याचे खाते नावापुरते उरते. हरणाऱ्याला निमंत्रण आणि जिंकणाऱ्याला दार बंद, अशा दुकानात ग्राहक म्हणून जाण्याला शहाणपण कसे म्हणावे?

परंतु बंधूंनो, आपला आधार केवळ हा हिशोब नाही. उद्या कोणी पूर्ण न्याय्य भाव दिला, एखाद्याला खरोखरच नफा झाला, तरी हुकूम बदलत नाही. कारण दिव्य कुरआनने जुगारातील लाभ नाकारलेलाच नाही. सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगार यांविषयी सांगितले गेले आहे की या दोहोंत मोठा अपराध आहे आणि लोकांसाठी काही लाभही आहेत, मात्र त्यांचा अपराध त्यांच्या लाभाहून मोठा आहे. किती न्यायी वचन आहे हे! त्या मुलाच्या वहीत पहिल्या स्पर्धेअखेर जो नफा लिहिला आहे, त्याची नोंद अल्लाहने चौदा शतकांपूर्वीच घेतलेली आहे. लाभ आहे, हे मान्य आहे. अपराध त्याहून मोठा आहे, हा निवाडा आहे.

आता ती आयत येथेच संपत नाही, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. जुगाराविषयीच्या उत्तरानंतर त्याच आयतीत लोकांचा दुसरा प्रश्न येतो की आम्ही अल्लाहच्या मार्गात काय खर्च करावे? आणि उत्तर एका शब्दात येते, 'अल्-अफ्व', म्हणजे स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागवून जे शिल्लक उरेल ते.

सट्ट्याचा सर्वांत शहाणा समजला जाणारा नियम आता आठवा. गमावले तरी चालतील एवढेच पैसे लावा. हे पैसे कोणते? भाडे, धान्य, मुलांची फी, घरी पाठवायची रक्कम, हे सर्व भागल्यावर उरलेले. म्हणजे नेमके तेच, ज्याला कुरआन 'अल्-अफ्व' म्हणतो. ज्या आयतीत जुगाराचा अपराध सांगितला, त्याच आयतीत त्या शिलकीचा मालकही सांगितला. ती शिल्लक निराधार, विधवा, अनाथ, कर्जबाजारी आणि गरजवंत नातेवाईक यांच्याकडे जायची होती. सट्ट्याने तिला "गमावले तरी चालेल" असे नाव दिले. ईमानधारकाच्या घरात असा एकही रुपया नसतो जो गेला तरी चालेल. तिर्मिजीत आलेल्या हदीसनुसार कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल जागेवरून हलणार नाही, जोवर त्याला आयुष्य, ज्ञान आणि शरीर यांच्याबरोबर संपत्तीविषयीही विचारले जाणार नाही; आणि संपत्तीविषयी प्रश्न दोन असतील, कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली. त्या मुलाच्या वहीत दोन रकाने आहेत, किती लावले आणि किती मिळाले. अल्लाहच्या दरबारातील वहीतही दोनच रकाने आहेत, पण त्यांची शीर्षके वेगळी आहेत.

याच अर्थाची एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जो आपल्या सोबत्याला जुगार खेळायला ये म्हणेल त्याने सदका द्यावा, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. खेळणे दूरच, नुसत्या आमंत्रणाची ही भरपाई! आणि भरपाईही कशी नेमकी, की जो पैसा जुगारात जाणार होता तो गरिबाच्या हातात जावा. मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात "फायनलवर शंभर-शंभर लावू या" असा संदेश टाकणाऱ्याने ही हदीस ध्यानात ठेवावी. "पहिली पैज मोफत" म्हणून जी जाहिरात मोबाइलवर येते, तीही हेच आमंत्रण आहे. ती मोफत नसते. ती गळाला लावलेले आमिष असते.

सूरह अल-माइदाच्या ९० व ९१व्या आयतींत अंतिम आदेश आला. जुगाराला तेथे दारू आणि मूर्तिस्थाने यांच्या पंक्तीत बसवून सैतानाचे घाणेरडे काम म्हटले गेले आणि सैतानाचे दोन हेतू उघड केले गेले. पहिला, तुमच्यात वैर आणि द्वेष पेरावा. दुसरा, तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून रोखावे.

पहिल्या हेतूचा पुरावा टेनिसच्याच जगात पाहा. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांनी २०२४ या वर्षात खेळाडूंना समाजमाध्यमांवर आलेल्या शिवीगाळीची व धमक्यांची तपासणी करविली. त्यांतील सुमारे ४० टक्के संदेश पैज हरल्याने संतापलेल्या लोकांचे होते. ज्या खेळाडूला आपण कधी भेटलो नाही, जिने आपले काही बिघडविले नाही, तिला आणि तिच्या घरच्यांना मरणाच्या धमक्या द्यायच्या, कारण काय, तर तिने एक गुण गमावला! पैज लावण्यापूर्वी ती त्यांच्यासाठी एक खेळाडू होती. पैज लावल्यावर ती त्यांची शत्रू झाली. वैर आणि द्वेष हे शब्द याहून अधिक खरे कसे ठरावेत? आणि याच पैशाच्या लोभाने छोट्या स्पर्धांतील गरजू खेळाडूंना सामने मुद्दाम हरण्याची लाच दिली गेली. टेनिसला त्यासाठी चौकशीची स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली आणि अनेक खेळाडूंवर आजन्म बंदी आली. आपण लावलेला शंभराचा आकडा त्याच नदीतील एक थेंब असतो.

दुसरा हेतू पाहा. २०१९च्या त्या अंतिम सामन्यात एकूण ४२२ गुण खेळले गेले. सामना चालू असताना प्रत्येक गेमवर, प्रत्येक गुणावरही पैज लावण्याची सोय आज उपलब्ध आहे. म्हणजे एका सामन्यात शेकडो वेळा सैतान विचारतो, लावतोस का? न्यूयॉर्कमधील संध्याकाळी सातचा सामना सुरू होतो तेव्हा लंडनमध्ये मध्यरात्र झालेली असते आणि भारतात पहाटेचे साडेचार. मेलबर्नचा सकाळी अकराचा सामना लंडनमध्ये पुन्हा मध्यरात्रीच सुरू होतो. ज्याचे पैसे त्या सामन्यात अडकले आहेत, त्याची फज्र कशी असेल? तो चटईवर उभा राहील, पण त्याचे मन पाचव्या सेटमध्ये असेल. नमाज सुटली नाही, एवढ्यावर त्या मुलाने समाधान मानू नये. नमाजमधून मन सुटले असेल, तर सैतानाचे अर्धे काम झालेले आहे.

या आयतीच्या शेवटी अल्लाहने प्रश्न विचारला आहे की, मग आता तरी तुम्ही परावृत्त होणार आहात काय? तो ऐकताच हजरत उमर (रजि.) उद्गारले की आम्ही परावृत्त झालो. त्यांनी मर्यादा विचारली नाही, शंभरावा भाग चालेल काय असे विचारले नाही.

काही जण म्हणतात की इंग्लंडमध्ये तर हे कायदेशीर आहे. होय, तेथे १९६१ सालापासून सट्ट्याची दुकाने कायद्याने चालतात. पण त्याच देशाच्या नियामकाला एप्रिल २०२०पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी घालावी लागली, कारण लोक उसन्या पैशांवर खेळून कर्जात बुडत होते. भारतात तर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांविरुद्ध कायदाच केला. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा भेद त्या कायद्याने ठेवला नाही. असे खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि मुस्लिमासाठी हलाल आणि हरामची सीमा विमानाबरोबर बदलत नाही. रत्नागिरीत जे हराम ते लंडनमध्येही हराम, कुवेतमध्येही हराम.

यावरून कोणी असे समजू नये की इस्लाम खेळाचा शत्रू आहे. प्रेषित (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्यासमवेत धावण्याची शर्यत लावली, एकदा त्या पुढे गेल्या, पुढे काही काळाने प्रेषित (स.) पुढे गेले. मदीनेत त्यांनी घोड्यांच्या शर्यती भरविल्या. मुलांनी टेनिस खेळावे, शरीर कमवावे. सामना पाहायचा तर नमाज आणि मर्यादा सांभाळून पाहावा. आयोजकाने स्वतःच्या खिशातून दिलेले बक्षीस, ज्यासाठी खेळाडूंनी काहीही पणाला लावलेले नाही, ते जुगार नव्हे. परंतु सर्वांनी पैसे भरायचे आणि त्याच पैशांतून जिंकणाऱ्याला द्यायचे, मग त्याला लीग म्हणा, अंदाज-स्पर्धा म्हणा, तो जुगारच होय.

आता त्या पित्याच्या प्रश्नाकडे वळतो. बाबांनो, मुलाला सर्वांसमोर अपमानित करू नका. एक तरुण प्रेषितांजवळ (स.) व्यभिचाराची परवानगी मागायला आला तेव्हा लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) मात्र त्याला जवळ बसविले आणि विचारले की तुला हे आपल्या आईसाठी आवडेल काय, मुलीसाठी, बहिणीसाठी आवडेल काय? तो प्रत्येक वेळी नाही म्हणाला. मग त्यांनी त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. आपणही मुलाला जवळ बसवून विचारावे, "बेटा, तू जिंकलास तेव्हा ते पैसे कोणाच्या घरातून आले? हरलेला माणूस तुझा अब्बा असता, आणि त्याने तुझ्या बहिणीच्या फीचे पैसे लावले असते, तर ते घेताना तुझा हात पुढे झाला असता काय?" मला खात्री आहे, नमाजी मुलाचे हृदय या प्रश्नाला उत्तर देईल.

आणि जो तरुण या सवयीत खोल गेला आहे, वारंवार सोडतो आणि वारंवार पडतो, त्याच्याविषयीही निराश होऊ नका. मद्यपानासाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका साथीदाराला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि ग्वाही दिली की हा मनुष्य अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. घरच्यांनी त्याच्याविरुद्ध सैतानाला मदत करू नये.

तरुणांनो, तौबा करावयाची तर ती आजच्या आज आणि पूर्ण करावी. खात्यात आपण स्वतः भरलेली जी रक्कम शिल्लक असेल ती काढून घ्या आणि खाते कायमचे बंद करा. जिंकलेली रक्कम स्वतःवर वा घरावर खर्च करू नका. हरणारा माहीत असेल तर त्याला परत करा, नसेल तर पुण्याची अपेक्षा न धरता गरजवंतांना देऊन टाका आणि त्या ओझ्यातून मोकळे व्हा. हरलेली रक्कम परत मिळविण्याचा विचार मनातून काढून टाका. ती दाराबाहेर गेली, तिच्यामागे धावलात तर तुम्हीही दाराबाहेर जाल. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी 'गॅमस्टॉप' नावाची सोय आहे. तेथे नाव नोंदविले की तेथील सर्व परवानाधारक ऑनलाइन सट्ट्यांची दारे सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी बंद होतात. अनेक बँकाही सट्ट्याचे व्यवहार रोखण्याची सोय देतात. आपणच आपल्या वाटेवर कुंपण घालणे ही कमजोरी नव्हे. हलाल आणि हराम यांच्यामधल्या संशयास्पद गोष्टींविषयीच्या हदीसमध्ये राखीव कुरणाच्या काठावर गुरे चारणाऱ्या गुराख्याचा दाखला दिला आहे. त्याची गुरे आज ना उद्या आत शिरणारच. शहाणा गुराखी काठ सोडून लांब जातो.

आणि ती वही? ती फाडू नका. नवीन पान उघडा. जी रक्कम प्रत्येक स्पर्धेसाठी बाजूला काढत होता तीच बाजूला काढा, तोच काटेकोरपणा ठेवा, आणि लिहा, अमुक विधवेला इतके, अमुक विद्यार्थ्याला इतके, कर्जात अडकलेल्या अमुक नातेवाइकाला इतके. अल्लाहने सूरह अल-बकराच्या २६१व्या आयतीत आपल्या मार्गातील खर्चाला अशा एका दाण्याची उपमा दिली आहे ज्यातून सात कणसे निघतात आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे असतात. कोणत्या बाजारात असा भाव मिळतो? आणि येथे मधला कोणी पाच टक्के कापून घेत नाही.

हे अल्लाह, आम्हाला हलाल उपजीविकेत समाधान दे आणि हरामच्या मोहापासून आमचे रक्षण कर. आमची जी मुले दूर देशी एकटी राहतात त्यांच्या रात्रींचे आणि त्यांच्या नमाजांचे रक्षण कर. जे या जाळ्यात अडकले आहेत त्यांना तौबेचे सामर्थ्य दे, आणि त्यांच्या माता-पित्यांच्या जिभेवर माया व शहाणपण दे. आमच्या शिल्लक धनाला तुझ्या मार्गावर ने, आणि ज्या दिवशी आमच्या वह्या उघडल्या जातील त्या दिवशी आम्हाला लज्जित करू नकोस. आमीन.